संपात चूल कशी पेटली



कोकणात काय नि घाटावर काय, मुंबईच्या कापड गिरणीत माणूस गेला नाही अशी गावं थोडीच. कुणाचा आजा, कुणाचा चुलता, कुणाचा थोरला भाऊ तिकडे होता. गिरण्यांचे भोंगे आता वाजत नाहीत. पण म्हातारी माणसं बोलायला बसली की संपाच्या गोष्टी अजून निघतात.

आज आम्ही त्या संपांविषयीच बोलणार आहोत. पुढाऱ्यांनी कोणती भाषणं केली ते बाजूला ठेवू. एक साधा घरगुती प्रश्न घेऊ. १९२८ साली मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी संप केला. एप्रिलमध्ये सुरू झालेला हा संप ऑक्टोबरमध्ये मिटला. म्हणजे जवळजवळ सहा महिने. सहा महिने पगार नाही. गाठीला पैसा नाही, उलट डोक्यावर कर्ज. मग या लोकांनी खाल्लं काय? त्यांची चूल पेटली कशी?

याचं उत्तर शोधायला गिरणीच्या दारात उभं राहून चालणार नाही. कामगार राहत कुठे होता, जेवत कुठे होता, उधार कुणाकडून आणत होता, हे पाहिलं पाहिजे.

मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी काढली. १८५६ साली तिचं काम सुरू झालं. मग एकीमागून एक गिरण्या उभ्या राहिल्या. परळ, लालबाग, भायखळा, नायगाव, शिवडी, वरळी, प्रभादेवी हा सगळा भाग गिरणगाव म्हणूनच ओळखला जाऊ लागला. रत्नागिरीकडून माणसं बोटीनं आली. सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर इकडून घाट उतरून आली. उत्तर हिंदुस्थानातूनही आली.

गिरणीत काम मिळायचं कसं? कचेरीत अर्ज देऊन नव्हे. काम देई जॉबर. त्याला कुणी मुकादमही म्हणत. हा जॉबर बहुतेक वेळा आपल्याच मुलखातला, कधी कधी तर आपल्याच गावचा असे. तोच काम लावी. तोच राहायला जागा बघून देई. दुकानदाराकडे तोच जामीन राही. आणि तोच दस्तुरीही खाई. कायम जागा नसलेल्याला बदली म्हणत. बदलीवाला रोज पहाटे गिरणीच्या दारात उभा राही. कुणाचा खाडा पडला तर जॉबर बोट दाखवी, तू आत ये. बोट दाखवलं नाही तर तो दिवस फुकट. १९३५ नंतर बदलीवाल्यांना पास देण्याची पद्धत आली, तेव्हा कुठे जॉबरचा हात थोडा आखडला.

पण जॉबरचं राज्य एकतर्फी नव्हतं बरं का. त्याला माणसं हवी असत. खात्यात माणसं कमी पडली तर साहेब त्यालाच बोल लावी. माणसं रुसली, दुसऱ्या गिरणीत गेली, की जॉबरची किंमत शून्य. त्यामुळे संप आला की कित्येक जॉबर कामगारांच्या बाजूला येऊन उभे राहत. मनातून येत की नाइलाजानं, ते ज्याचं त्याला माहीत.

आता खोलीकडे वळू. १९२० नंतरच्या दहा वर्षांत सरकारी विकास खात्यानं वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड इथे चाळी बांधल्या. त्या बीडीडी चाळी. एका मजल्यावर २० खोल्या, एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर सामाईक. खासगी मालकांच्या चाळी याहूनही दाटीच्या. एका खोलीत एक कुटुंब राही आणि वर दोन-चार पोटभाडेकरू. काही खोल्या तर गावाच्या म्हणूनच घेतलेल्या असत. एका गावचे पुरुष सगळे मिळून भाडं भरत. भिंतीला ट्रंका, दोरीवर कपडे, कोपऱ्यात वळकट्या. दिवसपाळीचा माणूस उठला की त्याच जागेवर रातपाळीचा माणूस अंग टाकी. गावात जे नियम, तेच खोलीत. भांडण झालं तर निवाडा खोलीतले वडीलधारे करीत. भजनी मंडळ, तालीम, गणपती, सगळं त्याच गल्लीत. गावाहून पत्र आलं तर वाचता येणारा एखादा जण सगळ्यांना वाचून दाखवी. वर्तमानपत्रंही अशीच वाचली जात. एक वाची, वीस ऐकत.

अशा ठिकाणी एकाला जे कळलं ते संध्याकाळपर्यंत चाळीला कळे. कुणाला काढून टाकलं, कुणाचा दंड कापला, कुठल्या खात्यात काय चाललंय. सभेची दवंडी वेगळी पिटावी लागत नसे.

आणि जेवण? बायकामुलं बहुधा गावी. शेताची राखण कोण करणार? त्यामुळे एकटा पुरुष खाणावळीत जेवी. खाणावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे. चाळीतलीच एखादी बाई, पुष्कळदा विधवा किंवा नवरा आजारी असलेली, दहा-पंधरा माणसांचा स्वयंपाक करी. महिन्याचे पैसे महिन्याला. रोज एका पंक्तीला बसणारी माणसं वेगवेगळ्या गिरण्यांतली असत. आपल्या गिरणीत काय, तुमच्या गिरणीत काय, हे ताटावरच ताडून पाहिलं जाई.

आता पगाराची गोष्ट ऐका, कारण इथेच गाठ आहे. गिरणीचा पगार महिन्याचा. तो महिना संपल्यावर लगेच हाती येत नसे. पुढचा अर्धा महिना जाई, मग वाटप होई. म्हणजे नवा माणूस कामाला लागला की सहा आठवडे त्याच्या हातात पैसा नाही. तो जगणार कसा? उधारीवर. खाणावळवालीची उधारी, किराणा दुकानदाराची उधारी, सावकाराचं व्याज. पगाराच्या दिवशी सावकार गिरणीच्या दारातच थांबे. मनिऑर्डर गावाला गेली की उरलेलं उधारीत जाई, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा वही सुरू.

नारायण मेघाजी लोखंडे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. त्यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढे नेला. त्या अर्जात काय मागितलं होतं? रविवारची सुटी. दुपारी अर्धा तास विसावा. सकाळी साडेसहाला काम सुरू, सूर्यास्ताला बंद. यंत्रात सापडून जखमी झालेल्याला भरपाई. आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. पाहा, पगार वाढवा ही पहिली ओरड नाही. वेळेवर द्या, हे मागणं. उधारीत बुडालेल्या माणसाचंच हे मागणं आहे, ते कुठल्या पुस्तकातून आलेलं नाही. रविवारची सुटी १८९० साली मिळाली. पगाराच्या तारखेला कायद्याचं बंधन यायला मात्र १९३६ साल उजाडलं. म्हणजे ५२ वर्षं.

मोठ्या युनियनच्या आधीही गिरणगाव हलत होतं, याचा दाखला १९०८ सालचा. त्या वर्षी २२ जुलैला लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. कामगार सहा दिवस कामावर गेले नाहीत. लष्कर आलं, गोळीबार झाला, माणसं मेली. संप पुकारील अशी मोठी युनियन त्या वेळी मुंबईत नव्हती. पुकारा चाळीतून, बाजारातून, गल्लीतून झाला.

आता १९२८ कडे येऊ. मालकांनी नवी पद्धत काढली होती. दोन साचे चालवणाऱ्या विणकरानं तीन साचे चालवावेत, सूतखात्यात एका बाजूच्या जागी दोन बाजू सांभाळाव्यात. म्हणजे तेवढ्याच कामाला माणसं कमी. उरलेल्यांनी जायचं कुठे? शिवाय कापडात खोट निघाली तर ते खराब कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापण्याची जुनी रीत होतीच.

संप पेटला. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. लोक तिला लाल बावटा म्हणत. श्रीपाद अमृत डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर ही शिकलेली मंडळी तीत होती. पण युनियनचे अध्यक्ष आळवे आणि त्यांच्या जोडीचे कासले हे स्वतः गिरणीत राबलेले. ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. डांग्यांचं भाषण लोक ऐकत, पण आळव्यांनी साच्याची गोष्ट सांगितली की विणकराला आपलीच हकीकत ऐकल्यासारखं वाटे.

मग चूल कशी पेटली? एप्रिल-मे हे दिवसच मुळी गावी जाण्याचे. लग्नसराई, मग पेरणी. हजारो कामगार सरळ गावी गेले. तिथे नाचणी-भाताची, ज्वारी-बाजरीची भाकरी होती. अर्धपोटी का होईना, पण होती. पावसात शेताला हातही हवे होते. जे मुंबईत राहिले त्यांना खाणावळवालीनं वाढलं. दुकानदारानं वही बंद केली नाही. करणार कसा? सगळी गल्लीच संपावर. वही बंद केली तर मागची उधारी बुडणार आणि पुढं गिऱ्हाईक तुटणार. युनियननंही धान्य वाटलं. दीड लाखांत ते कितीसं पुरणार?

मालक संप मोडायला पाहत तेव्हा पहारा गिरणीच्या दारात असेच, पण त्याहून कडक पहारा चाळीच्या जिन्यावर असे. कामावर जाणाऱ्याला शेजाऱ्याच्या दारावरून जावं लागे. रात्री परत त्याच चाळीत झोपावं लागे. हे सगळं गोडीगुलाबीनं चालत असे असं आम्ही म्हणणार नाही. धाक होता, मारामाऱ्याही झाल्या. पण नुसत्या धाकानं सहा महिने निघत नाहीत.

संप मिटला तेव्हा मागण्यांची चौकशी करायला समिती नेमली गेली. वर्ष संपेपर्यंत युनियनचे सभासद ५० हजारांवर गेले. गिरणीगिरणीत कामगारांच्या समित्या झाल्या. मार्च १९२९ मध्ये सरकारनं डांगे, मिरजकर, आळवे, कासले आणि इतरांना पकडून दूर मीरतला खटल्यासाठी नेलं.

इथवर ऐकून तुम्हांला वाटेल, गाव बरोबर होतं म्हणून सगळं छान होतं. तसं नाही. गाव आलं तेव्हा गावाची जातही बरोबर आली. गिरणीत विणकाम म्हणजे साचेखातं. तिथे पगार चांगला. पण तिथे अस्पृश्य मानलेल्या माणसाला घेत नसत. कारण ऐका. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि तिच्या सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढायचं. एकाच धोट्याला अनेकांचं तोंड लागे. म्हणून सवर्ण विणकर म्हणत, हे लोक आमच्या खात्यात नकोत. यंत्र विलायती, पण विटाळ गावचा. त्यांच्या वाट्याला सूतखात्यातली कमी पगाराची कामं. पाण्याची भांडीही वेगळी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः परळच्या चाळीत राहिले होते. त्यांनी १९२८-२९ च्या संपांच्या काळात हा प्रश्न उघड मांडला. कामगार सगळे एक म्हणता, मग साचेखात्याचं दार आमच्यासाठी बंद का? युनियनच्या पुढाऱ्यांना याचं उत्तर देणं जड गेलं. १९२९ च्या सार्वत्रिक संपाला बाबासाहेबांनी विरोध केला. आमच्या मते तो विरोध समजण्यासारखा होता. ज्या एकीत आपल्याला पाण्याचा पेला मिळत नाही, त्या एकीसाठी उपास कुणी का काढावा? पुढं १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपावर बंधनं घालणाऱ्या कायद्याच्या विरुद्ध हा पक्ष आणि लाल बावटा यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. तेव्हा तेच दोघे एका व्यासपीठावर होते.

बायकांविषयी बोललंच पाहिजे. १९२० नंतरच्या काळात पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. बहुतेक कांडी भरण्याच्या आणि सूत गुंडाळण्याच्या खात्यांत. त्यांच्यावर बाईच मुकादम असे, तिला नायकीण म्हणत. गिरणीतून सुटली की बाईची दुसरी पाळी घरी सुरू. सभा संध्याकाळी, आणि संध्याकाळी तर पाणी भरायचं, भाकऱ्या थापायच्या. तरी उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या स्त्रिया पुढं आल्या. पार्वतीबाई तर स्वतः गिरणी कामगार. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा नि भत्त्याचा कायदा झाला. चांगलाच झाला. पण भत्ता द्यावा लागतो म्हणून मालक बायकांना घ्यायला नाखूश झाले. त्यात नव्या यंत्रांनी त्यांची कामं खाल्ली. बायका हळूहळू गिरणीतून कमी होत गेल्या.

पुढच्या वीस-तीस वर्षांत गिरणगाव सगळ्या राजकारणाच्या मध्यावर होतं. अण्णा भाऊ साठे वाटेगावहून चालत मुंबईला आले, गिरणीत राबले, आणि अमर शेख, गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढलं. तमाशाचा बाज गावचा, विषय चाळीचा. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शंभरावर माणसं बळी गेली, त्यांत गिरणगावची पुष्कळ. १ मे १९६० ला, कामगार दिनीच, महाराष्ट्र राज्य झालं. नंतर वारं फिरलं. १९६६ साली शिवसेना निघाली. तिची शाखा त्याच चाळीत, त्याच तालमीच्या पोरांत उभी राहिली. परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा १९७० साली खून झाला आणि पोटनिवडणुकीत शिवसेनेचा उमेदवार निवडून आला. म्हणजे गल्ली कुणा एका बावट्याला कायमची बांधलेली नव्हती.

दुसरीकडे १९४६ च्या कायद्यानं एका धंद्यात एकच युनियन बोलणी करील असं ठरलं. तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. कामगारांचं मन एकीकडे आणि कायद्याचा शिक्का दुसरीकडे, अशी ओढाताण सुरू झाली. यातूनच १९८२ चा संप आला. बोनसवरून आणि पगारावरून चिडलेले कामगार आपण होऊन घाटकोपरला डॉ. दत्ता सामंतांकडे गेले आणि त्यांना गळ घातली. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले.

पुन्हा तोच प्रश्न. चूल कशी पेटणार? पहिले काही महिने जुनी रीत चालली. माणसं गावी गेली. गावांनी धान्य पाठवलं. दुकानदारानं उधारी दिली. पण दिवस बदलले होते. गावचं शेत बापाच्या चार लेकरांत वाटलं जाऊन तुकड्यावर आलं होतं. पुष्कळ कामगार आता मुंबईतच जन्मलेले, त्यांचं बिऱ्हाड चाळीत, मुलं शाळेत, शेत नावापुरतं. मालकांचंही बदललं होतं. भिवंडीसारख्या ठिकाणी यंत्रमागावर कापड निघत होतं. गिरणी बंद राहिली म्हणून बाजारात कापडाचा तुटवडा पडत नव्हता. दुकानदार सहा महिने वही चालवू शकतो. दीड वर्ष कोण चालवणार? घराघरांत बायका धुणीभांडी, पापड, भाजीविक्री करू लागल्या. दागिना गेला, भांडी गेली, मुलांची शाळा सुटली. संप मागं घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही. तो विरून गेला. हजारो कामगार पुन्हा आत गेलेच नाहीत.

पुढारी चुकले का, यावर अजून वाद होतात. आम्ही एवढंच म्हणू की ज्या खांबांवर १९२८ चा संप उभा होता, ते खांब १९८२ पर्यंत झिजले होते. त्याची मोजदाद कुणी केली नाही.

खाणावळवाल्यांचं काय झालं तेही सांगतो. संपात त्यांनी उधारीवर वाढलं आणि कर्जात त्या बुडाल्या. युनियनच्या मागण्यांत त्यांचं नाव कधी नव्हतं. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. १९८२ च्या आधीच हे झालं, म्हणून त्यांतल्या काही तरी तगल्या.

पुढं एकेक गिरणी बंद पडली. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या जागी आज मोठी चकचकीत दुकानं आहेत. १९९१ च्या नियमांत गिरणीच्या जमिनीचा एक हिस्सा शहराच्या मोकळ्या जागेला, एक घरबांधणीला, एक मालकाला, असं ठरलं होतं. २००१ साली नियम बदलला. बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीचीच वाटणी होईल असं ठरलं, आणि शहराचा नि घरांचा हिस्सा पुष्कळच आकसला. कामगारांच्या संघटनांनी मोर्चे काढले. या वेळी मागणी पगाराची नव्हती, घराची होती. २०१२ साली पहिली मोठी सोडत निघाली, ६,९२५ घरांची. अर्ज करणारे दीड लाखांच्या घरात होते. अजून कितीतरी कुटुंबं वाट पाहत आहेत.

त्या अर्जाला पुरावा लागला. आपण गिरणीत होतो याचा कागद. तेव्हा गावोगावच्या जुन्या ट्रंका उघडल्या गेल्या. हजेरीचा पास, पगाराची चिठ्ठी, कामगार विम्याचं कार्ड, फंडाचा कागद. कुणी ते जपून ठेवले होते, कुणाच्या घरात ते चुलीत गेले होते. आपल्या गावात ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते पुढच्या वर्गाला घेऊन यावेत. त्यावर कोणती गिरणी, कोणतं खातं, कोणतं साल लिहिलंय ते सगळे मिळून वाचू.